दवाखान्याच्या भिंतीपाशी सहल

सहल हा शब्द माझ्या तोंडी पहिल्यांदा आला, तो खोटं बोलण्यासाठी आला.

तेव्हा आम्ही बुलढाण्याजवळ धाड गावी राहत होतो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मुलांचे बाबा शिंपीकाम करायचे. पेठेतल्या एका किराणा दुकानाच्या ओट्यावर त्यांचं मशीन असे, आणि बाजाराच्या दिवशी त्या ओट्यापुढं माणसांचा गराडा पडे. थोरली मुलगी नऊ वर्षांची, तिच्या पाठचा मुलगा सहाचा, धाकटीला तिसरं सरायचं होतं. त्या वर्षी पावसाळा उलटला तरी मुलांच्या बाबांचा खोकला उलटेना. संध्याकाळी अंग तापायचं. सदरे खांद्यावरून ओघळायला लागले, तेव्हा स्वतःचेच सदरे त्यांनी दोनदा उसवून आत घेतले. तिसऱ्यांदा घ्यायची वेळ आली तशी मी हट्टानं त्यांना बुलढाण्याला नेलं. तिथं छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि त्यांना ठेवूनच घेतलं. टीबी होता. डॉक्टर म्हणाले, "वर्ष धरून चाला."

मी एकटी एस.टी.नं परत आले. मांडीवर त्यांच्या अंगावरच्या कपड्यांचं गाठोडं होतं, घरी गेल्यावर उकळून घ्या असं सांगून दिलेलं. गाडीत शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, काय हाय वं गाठोड्यात? मी म्हटलं, कपडे. तेवढं खरं बोलले. त्यानंतर वर्षभर मी कुणाशी फारसं खरं बोलले नाही.

दिरांनी ओट्यावरचं मशीन उचलून आमच्या घरात आणून ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची मुलं आमच्या अंगणात यायची बंद झाली. मी त्यांना दोष देत नाही. त्या रोगाची भीतीच तशी होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही पोरं आवरून धरली असती. माझं माहेर जानेफळला, मधे एवढं अंतर, आणि आई-वडील थकलेले. त्यामुळे होतं ते मी आणि ही तीन.

नवऱ्याच्या शेजारी बसून काजं-बटणं, तुरपाई मी आधीपासून करत होते. आता कापायलाही शिकले. पहिल्या पोलक्याची बाही उलटी लागली, दुसऱ्याची नाही लागली. पहाटे उठून पाणी, भाकरी, थोरलीची वेणी. मग कुणाच्या तरी शेतात कापूस वेचायला. दुपार कलली की परत, आणि दिवेलागणीपर्यंत मशीन. पाय मशीनवर हलत असायचे आणि डोळे मिटत असायचे. एकदा सुई बोटात गेली तेव्हाच जागी झाले. थकवा थकवा म्हणतात तो मला तेव्हा कळला. तो झोपून जात नाही. सकाळी उठावं तर आपल्या आधी तोच उठून बसलेला असतो.

पंधरा दिवसांनी भेटायला गेले, तर त्यांनी पहिलंच विचारलं, "पोराईले नाही आणलं?"

"आणू देतात का?" मी म्हटलं.

वॉर्डात मुलांना येऊ देत नव्हते, आणि ते बरोबरच होतं. पण वॉर्डापुढं मोकळं पटांगण होतं आणि पटांगणाला कमरेएवढी दगडी भिंत. वॉर्डातली आया जवळच उभी होती. ती म्हणाली, "भिंतीच्या पल्याड बसवा त्याईले. तितून दिसते सगळं."

मला तर त्यांना ठेवून यायला दुसरी जागाही नव्हती. दर वेळी थोरलीच्या हाती दोघांना सोपवून दिवसभर जायचं म्हणजे जीव टांगणीला. म्हणून ठरवलं, पुढच्या खेपेला सगळेच जायचं. पण लहान दोघांना सांगायचं काय? बाबा बुलढाण्याला कामाला गेलेत असं मी आधीच सांगून बसले होते. थोरलीच्या शाळेची एकदा सहल गेली होती देऊळगाव राजाला, बालाजीच्या देवळात. तिला पाठवणं तेव्हा जमलं नव्हतं, आणि कितीतरी दिवस ती तो शब्द घरात घोळवत होती. तोच मी उचलला.

शनिवारी भाकरीचं पीठ मळताना म्हटलं, "उद्या आपुन सहलीले जाऊन राह्यलो."

मुलगा उड्या मारायला लागला. थोरलीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठी?"

"बुलढाण्याले. बाबाबी दिसतील तिथी."

तिनं पुढं काही विचारलं नाही. उठून धाकटीचा धुतलेला झगा शोधायला लागली.

त्या पहिल्या सहलीतलं मुलांना सगळं आठवतं आणि मला फक्त माझी पाठ आठवते. धाकटी कडेवर, शिदोरी डोक्यावर, एका हातात मुलाचं मनगट. धाकटीचं तिकीट लागत नसे, तिला मांडीवर घ्यायची. मुलाला खिडकी हवी असायची. त्याच्यासाठी गाडीच सहल होती, बुलढाण्याच्या पुढं ती गेली असती तर तो तसाच बसून राहिला असता. गाव मागं पडलं की माळ, मग पळसाची झाडं, मग चढ. चढावर गाडीचा आवाज बदलला की तो म्हणायचा, "थकली वाटते गाडी." मी म्हणायची, "हाव बापा."

बुलढाण्याला उतरलो तर हवाच वेगळी. आमच्याकडे घाम निथळत असायचा तेव्हाही तिथं अंगावरून थंड वारा जायचा. स्टँडच्या बाहेर एक नळ होता. माझ्या मुलांनी तोवर नळ पाहिलेला नव्हता. मुलानं चावी फिरवली, पाणी आलं, उलटी फिरवली, थांबलं. परत फिरवली. त्याला वाटलं आत कुणीतरी बसलंय. वाकून त्यानं तोटीत डोळा लावला आणि तेवढ्यात धाकटीनं चावी फिरवली. तोंडभर पाणी उडालं. तिघं अशी हसली की रस्त्यानं जाणारा एक शिपाई थांबून हसायला लागला. मीही हसले असेन. ओल्या सदऱ्यानं त्याला सर्दी होईल का, हा विचार मात्र पक्का आठवतो.

दवाखान्याच्या भिंतीपलीकडे कडुनिंबाचं मोठं झाड होतं. त्याखाली फडकं अंथरलं. मुलांना भिंतीपाशी उभं केलं आणि मी आत गेले. ते पायरीपर्यंत आले. अंगावर दवाखान्याचे पांढरे कपडे, पायजमा आखूड. शिंप्याला तसा पायजमा घालावा लागावा याचंच मला वाईट वाटलं, बाकी सगळं सोडून. त्यांनी हात वर केला. भिंतीवर तीन डोकी होती, त्यातलं एक थोरलीनं उचलून धरलेलं.

मुलगा ओरडला, "बाबा, मी नळ पाह्यला!"

"कसा होता?" ते ओरडले, आणि त्या ओरडण्यानं त्यांना खोकला आला. तोंडावर फडकं धरून ते खांबाआड गेले. खोकला थांबल्यावर परत पुढं आले आणि जणू काही झालंच नाही असं विचारलं, "पाणी गरम होतं का थंडं?"

अशा गप्पा झाल्या. मग आम्ही झाडाखाली भाकरी, बेसन, कांदा खाल्ला, आणि तिकडे पायरीवर त्यांचं जेवण आलं ते त्यांनी आमच्याकडे तोंड करून खाल्लं. मुलगा म्हणाला, "आपुन संगंच जेवून राह्यलो." मी मान हलवली.

त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी आमची सहल ठरलेली. बुलढाण्यात फुकट काय काय पाहता येतं ते मी तेव्हा शिकले. कचेरीच्या बागेतली फुलं बाहेरून पाहायला कुणी हटकत नसे. इंग्रजांच्या वेळचे कौलारू बंगले होते, एकेका बंगल्याचा दरवाजा आमच्या घराएवढा. फोटोग्राफरच्या दुकानाच्या काचेत नव्या नवरा-नवरींचे फोटो लावलेले, त्यातली कोणती जोडी भांडत असेल ते थोरली ओळखायची. टॉकीजच्या भिंतीवर चित्रं असायची. चित्र पाहून मुलगा आतली गोष्ट स्वतःच रचून सांगायचा आणि ती दर वेळी निराळी निघायची. पेठेतून जाताना मी पदर धाकटीच्या डोळ्यांवर ओढून घ्यायची, कारण मिठाई पाहिली की ती रस्त्यावर बसायची. पाय दुखायचे. मला कुठंतरी बसायचं असायचं आणि ती तिघं मला ओढत असायची. आई चाल ना, आई हे पाह्य ना. मी हाव हाव म्हणत चालायची. डोळे उघडे असायचे, दिसत काही नसायचं.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला त्यांनी माझ्या हातात जुन्या वर्तमानपत्राचं काहीतरी दिलं. कागदाचे झगे होते, तीन. बोटाएवढे. कात्री कोण देणार तिथं? घड्या घालून नखानं फाडलेले. पण बाही बरोबर, गळा बरोबर, एकाला तर कॉलरही.

"धाकटीच्या बाहुलीले होईल," ते म्हणाले. "आणि हा कॉलरवाला कोट पोट्ट्याले."

मी घेतले. घेताना बोटाच्या टोकांनी घेतले. त्यांनी ते पाहिलं असणार. बाहेर आले ती भिंतीच्या दरवाजातून वळून झाडाकडे गेलेच नाही, मागच्या बाजूला गटार होतं तिथं गेले आणि ते झगे टाकून दिले. त्यांचे हात त्या कागदाला लागले होते, त्यांचा श्वास लागला होता. घरात तीन लेकरं. मी दुसरं काय करणार होते?

वळले तर मुलगा मागं उभा.

"ते बाबानं देल्लं होतं ना?" त्यानं विचारलं.

"फाटले होते," मी म्हटलं.

"नव्हते फाटले. काऊन फेकले?"

तो गटारात उतरायला निघाला, मी त्याचा दंड धरून ओढलं, जरा जोरातच ओढलं, आणि तो रडायला लागला. सबंध रस्ता रडला. एस.टी.त माझ्याशेजारी बसला नाही, थोरलीच्या पलीकडं जाऊन बसला.

पुढच्या खेपेला त्यांनी परत कागदाचं काढलं. या वेळी एक परकर-पोलकं आणि एक टोपी. मी घेईना तेव्हा वॉर्डातल्या सिस्टर जवळ आल्या. मध्यम वयाच्या, कोकणाकडच्या असाव्यात, बोलणं आमच्यापेक्षा वेगळं. म्हणाल्या, "घ्या हो बाई. दिवसभर फाडत बसलेले असतात. कडक उन्हात ठेवा, वर दगड ठेवा उडू नये म्हणून. जाताना द्या मुलांना. उन्हात जंतू टिकत नाहीत."

हे आधी कुणी सांगितलं असतं तर! तेव्हापासून आम्ही पोचलो की आधी भिंतीवर ते कागदाचे कपडे मांडायचो, ओळीनं, प्रत्येकावर एक खडा. आमचं जेवण, खेळ, चिंचोके, सगळं होईपर्यंत ते वाळत असायचे. मुलगा मधूनमधून जाऊन विचारायचा, "वाळले का?" कोरडे कागद ते. आणखी काय वाळायचं होतं? पण मी सांगायची, अजून नाही, अजून थोडं. गटाराचं तो मला पुन्हा बोलला नाही. पण कागद माझ्या हातात देत नसे, स्वतःच्या खिशात ठेवायचा.

थंडी सरत आली असेल तेव्हाची गोष्ट. त्यांचं वजन वाढायला लागलं होतं, इंजेक्शनं सुरूच होती, थुंकी मात्र अजून साफ येत नव्हती. त्या रविवारी मी पटांगणाच्या कोपऱ्यातल्या नळावर भाकरीचं फडकं धूत होते. भिंतीचा एक दगड निखळलेला होता, तिथून लहान मूल सहज जाईल एवढी फट. थोरली मुलाला काहीतरी दाखवत होती. मी मान वर केली तर धाकटी पटांगणाच्या अर्ध्यात. हातात कागदाचा झगा, तोंडानं "बाबा, बाबा," आणि पळतेय.

ते पायरीवर बसलेले होते. उठले. त्यांचे हात पुढं आले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, हात पुढं आले होते. पाच महिन्यांत त्यांनी तिला हात लावलेला नव्हता. मग तेच हात त्यांनी मागं घेतले आणि पाठीमागं पाठीमागं सरकत गेले, खांबाला धडकले.

"लांब हो!" ते ओरडले. "लांब हो म्हणतो ना! जाय!"

आमच्या घरात त्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. धाकटी जागच्या जागी थांबली. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. आयानं धावत येऊन तिला उचललं, माझ्याकडे दिलं. मी नळाखाली तिचे हात धुतले, तोंड धुतलं, परत हात धुतले. ती रडली नाही. एवढ्या थंड पाण्यानंही रडली नाही.

दार पुन्हा उघडलं नाही. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि निघालो. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "बाबा मले मारनार होते?"

"नाही वं," मी म्हटलं. "खेळत होते."

तिला ते पटलं नाही. मलाही माझा आवाज पटला नाही.

पुढच्या खेपेच्या रविवारी मी गेलेच नाही. अंगात बळ नव्हतं आणि मनातही नव्हतं. मुलांना घेऊन गावाबाहेर नदीवर गेले. पाणी ओसरलेलं होतं, दगडांमधे डबकी राहिली होती. घरापासून चालत तेवढंसं, ना गाडी, ना तिकीट, ना उंचावरची थंडी. पदर पाण्यात धरून बोटभर मासे पकडता येत होते. वाळू होती, सावली होती. मुलांनी खेळावं अशी त्याहून चांगली जागा आसपास नव्हती. आणि तिघं तिथं नुसती बसून राहिली. मुलानं दोन-तीन दगड पाण्यात टाकले. धाकटी माझ्या मांडीवर झोपून गेली.

थोरली माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा आता पायरीवर आले असतील."

"असतील."

"त्याईले टीबी आहे ना?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती पाण्याकडं पाहत होती.

"कोणं सांगतलं तुले?"

"काकूनं. पहिल्याच दिवशी. आमच्या अंगनात येऊ नोको म्हने." मग म्हणाली, "मी कोनाले नाही सांगतलं. तू सहल म्हणत होती म्हून मीबी सहल म्हणत होतो."

नऊ वर्षांची पोर. पाच महिने ती माझ्याबरोबर खोटं वाहत होती आणि मला वाटत होतं सगळं मी एकटीच वाहतेय. मी तिला जवळ ओढलं. तिनं विचारलं, "मरतील का?"

"डॉक्टर नाही म्हणतात. वजन वाढून राह्यलं."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि उठून पाण्यात पाय घालून बसली.

पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा तिघांना भिंतीपाशी ठेवूनच आत गेले. ते पायरीवर होते. कागद फाडत नव्हते.

"मागच्या खेपेस काऊन नाही आली?"

"पोराईले बरं नव्हतं."

"माह्याशी खोटं नोको बोलू," ते म्हणाले. रागानं नाही बोलले. "सकाळपासून इथी बसलो होतो. जेवणबी इथंच आणाले सांगतलं. शेवटची गाडी गेली असंल तेव्हा उठलो." मग आपल्या हातांकडे पाहिलं. "ती पळत आली ना, तर मले दुसरं काही सुचलंच नाही. आवाज कसा निघाला मलेच माहीत नाही."

"ती लहान आहे. विसरंल."

"नाही विसरली तरी चालंल. तू आणत जाय. बांधून ठेव तिले, पन आण."

मी खरंच तिला बांधलं. पदराचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं थोरलीच्या मनगटाला. पण त्याची गरज पडली नाही. धाकटी भिंतीजवळ यायलाच तयार नसे. झाडाच्या मागं बसून चिंचोके मोजायची. ते ओरडून तिचं नाव घ्यायचे, ती मान वर करायची नाही.

तेरा महिने लागले. उन्हाळ्यात गाडीत जीव जायचा, पावसाळ्यात झाडाखाली ओल, मग आम्ही भिंतीपलीकडच्या पडवीत बसायचो. नदीवरचा तो रविवार गेला, एकदा मुलाला देवी टोचून ताप आला होता, एकदा थोरलीची परीक्षा होती, बाकी एक खेप चुकली नाही. शेवटी लागोपाठ दोनदा थुंकी साफ आली आणि त्यांना सोडलं. धाडच्या स्टँडवर आम्ही चौघं उभे होतो. ते उतरले. मुलगा त्यांच्या पायांना जाऊन चिकटला आणि ते दचकले, हात वर धरून उभे राहिले. डॉक्टरांनी सांगितलं होतं आता भीती नाही, पण त्यांच्या हातांना ते ठाऊक नव्हतं.

धाकटी माझ्या मागं. घरी आल्यावर तिनं मला कानात विचारलं, "हे परत कधी जातील?"

ती त्यांना दवाखान्यातले बाबा म्हणायची. ते घराच्या ओट्यावर बसले की ही अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. ते आत आले की ही बाहेर. आणि तेही तिला जवळ बोलवत नसत. त्यांचं ताट-वाटी त्यांनी स्वतःच वेगळी ठेवली. मी म्हटलं, आता कशाले? तर म्हणाले, राहू दे थोडे दिवस. मशीन मात्र मी त्यांच्यापुढं सरकवलं. ते अर्धा तास बसले की दम लागायचा, मग पुढचं मी शिवायची. माझ्या हातचं शिवण पाहून एकदा म्हणाले, "बाही चांगली बसवते तू." इतकंच.

मुलांची मात्र निराळी तक्रार होती. दोन-तीन रविवार तसेच गेले तेव्हा मुलगा भाकरीवरून उठला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाबा घरी आले त आता सहल नाही का? कधीच नाही?"

त्यांनी ते ऐकलं. त्यांना आधी कळलंच नाही. त्या तेरा महिन्यांना मुलं सहल म्हणत होती हे त्यांना तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "उद्या मी नेतो याईले. तू नोको येऊ."

"कुठी नेता? तुमच्यानं चालनं होईल का?"

"नेतो कुठीबी. फुकटची जागा पाहतो एखांदी."

सकाळी ते निघाले. भाकरी बांधून दिली. थोरली पुढं, मुलगा त्यांच्या बोटाला, आणि धाकटी सगळ्यांच्या मागं, दहा पावलं सोडून, माझ्याकडं वळून वळून पाहत. मला वाटलं ती परत येईल. आली नाही.

वर्षभर मी ज्या दिवसाची वाट पाहत होते तो आला होता. घरात कुणी नव्हतं. मी चटई टाकली आणि आडवी झाले. झोप येईना. मशीन पुसलं, परत आडवी झाले. मग कधीतरी लागली ती अशी, की उठले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं. चेहऱ्यावर चटईचे वळ उठले होते. दारात जाऊन उभी राहिले.

ते येताना दिसले. थोरलीच्या परकराच्या ओच्यात सीताफळं. मुलगा गुडघ्यापर्यंत चिखलात. मधे ते, एकेक पाऊल टाकत. आणि धाकटी आता त्यांच्याशेजारून चालत होती. हात धरलेला नव्हता, पण शेजारून.

"आई, बाबा रस्त्याच्या मधातच बसले!" ती लांबूनच सांगायला लागली. "दम लागला त्याईले. मंग मी पानी आणलं नदीतून, ओंजळीत. सगळं सांडलं."

"मग?"

"राह्यलेलं प्याले," ती म्हणाली. "माह्या हातातलं."

ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले. तोंड उन्हानं लाल झालं होतं, श्वास वर-खाली होत होता, पण खोकला नव्हता. मी तांब्या पुढं केला. त्यांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं. मुलं आतबाहेर करत होती, सीताफळांवरून भांडत होती. धाकटी एक फळ घेऊन त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसली आणि बिया मोजायला लागली.

"थकलो वं," ते म्हणाले. "एकाच दिवसात. इकडून हा ओढते, तिकडून ती. हे पाह्य, ते पाह्य. पाय तुटले." मग माझ्याकडं पाहिलं. "वर्षभर तू कसं केलं?"

मला खूप काही सांगता आलं असतं. नळ, गटार, पदराची गाठ, नदीवरचं थोरलीचं बोलणं. पण सांगायलाही बळ लागतं. मी म्हटलं, "झालं."

आणि चुलीवर गुळाचा चहा ठेवला.